पट्टीखाली काय चालतं?



जिल्ह्याच्या सरकारी इस्पितळात सर्जन म्हणून काम केलं की माणसं जखमेला काय काय लावून येतात, याची एक यादी डोक्यात आपोआप तयार होते. हळद तर असतेच. त्याखालोखाल चुना, मळलेली तंबाखू, दगडी पाल्याचा रस, कॉफीची पूड. भाजलं असेल तर टूथपेस्ट आणि पेनातली निळी शाई. एखाद्याच्या पायावर शेणही असायचं, आणि ते दिसलं की आधी धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी सिस्टरांना हाक मारायची. या यादीला हसावं असं मला कधी वाटलं नाही. यातला प्रत्येक जण एकाच समजुतीने वागलेला असतो. जखमेत काहीतरी वाईट शिरतं आणि त्याला मारायला काहीतरी जळजळीत हवं, ही ती समजूत. आम्ही डॉक्टर लोकही पुष्कळ काळ याच समजुतीने वागलो. आमची रसायनं तेवढी महाग होती.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना शेवटची एसटी गाठायची आहे त्यांची सोय होईल. जखम अशा अवस्थेत ठेवायची की जंतूंचा बंदोबस्त शरीराला स्वतःच करता यावा, हे पट्टीचं पहिलं काम. जंतू मारणं हे दुसरं, आणि तेही दर वेळी लागतंच असं नाही. ऐकायला हे सोपं वाटतं. वैद्यकाला ते कळायला शंभरएक वर्षं लागली, आणि त्या कळण्यात आपल्या मुंबई-सोलापूरच्या सर्जनांचाही वाटा आहे. तो आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाही, म्हणून आज हा विषय घेतला.

सुरुवात मात्र ग्लासगोपासून करावी लागते. १२ ऑगस्ट १८६५ रोजी तिथल्या रॉयल इन्फर्मरीत जेम्स ग्रीनलीस नावाच्या अकरा वर्षांच्या मुलाला आणलं. गाडीचं चाक पायावरून गेलेलं, नडगीचं हाड मोडलेलं, आणि वरची कातडीही फाटलेली. त्या काळी हाड मोडून शिवाय कातडी फाटली, तर पाय कापणं हाच शहाणपणा मानत. जखम सडणार हे धरूनच चालायचं, आणि सडली की पायाबरोबर माणूसही जाणार. जोसेफ लिस्टर तिथला सर्जन. सडण्यामागे हवा नसते, हवेतले सूक्ष्म जीव असतात, हे पाश्चरचं लिखाण त्याने वाचलं होतं. कार्लाइल शहरात सांडपाण्याची घाण मारायला कार्बोलिक ॲसिड टाकतात, हेही त्याच्या कानावर होतं. त्याने कार्बोलिकमध्ये भिजवलेलं लिंटचं कापड जखमेवर ठेवलं आणि पाय फळ्यांत बांधला. चार दिवसांनी पट्टी सोडली, तर सडका वास नाही, पू नाही. सहा आठवड्यांत मुलाचं हाड जुळलं. १८६७ मध्ये लिस्टरने असे रुग्ण ‘लॅन्सेट’मध्ये छापले आणि शस्त्रक्रियेचा इतिहास बदलला.

पण त्याच रुग्णाच्या वर्णनात आणखी एक नोंद आहे, आणि ती पुढची कित्येक वर्षं कोणी मनावर घेतली नाही. जखमेभोवतीची कातडी लाल झाली होती. जंतूंनी नव्हे, कार्बोलिकने. लिस्टरच्या ते लक्षात आलं आणि त्याने औषध पातळ केलं. त्याच्या चेल्यांनी मात्र मारण्याचा भाग उचलला आणि भाजण्याचा भाग विसरले. लिस्टरने स्वतःही ऑपरेशनच्या खोलीत कार्बोलिकचा फवारा सुरू केला, सर्जनांचे हात पांढरे पडून बधिर व्हायला लागले. हा फवारा निरुपयोगी आहे हे पुढे १८९० मध्ये खुद्द लिस्टरनेच बर्लिनला जाहीरपणे मान्य केलं. मोठा माणूस.

या सगळ्याची खरी परीक्षा पहिल्या महायुद्धात झाली. फ्रान्स आणि बेल्जियमची ती रणभूमी म्हणजे पिढ्यान् पिढ्या शेणखत घातलेली शेतजमीन. तोफगोळ्याचा तुकडा मांसात घुसताना चिखल आणि गणवेशाच्या चिंध्या घेऊनच घुसायचा. लष्करी डॉक्टर जखमेत सापडेल ते जंतुनाशक ओतत होते, आणि जखमा सडतच होत्या. बोलोन इथल्या प्रयोगशाळेत आल्मरॉथ राइटच्या हाताखाली अलेक्झांडर फ्लेमिंग काम करत होता. पेनिसिलिनवाला फ्लेमिंग तो हाच, पण तो शोध अजून तेरा वर्षं लांब होता. त्याने केलेला प्रयोग मला पेनिसिलिनइतकाच आवडतो. त्याने काचेची एक परीक्षानळी तापवली आणि तिच्या भिंतीतून बाहेरच्या बाजूला पोकळ काटे ओढून काढले. नळी काट्यांनी भरली. ही त्याची कृत्रिम जखम, कारण खरी जखमही अशीच असते, तिला खाचाखोचा असतात. नळीत जंतू असलेला द्रव भरला, ओतून टाकला, जंतुनाशक भरून ठेवलं, तेही ओतलं, आणि मग जंतूंना पोषक असा स्वच्छ द्रव घातला. दुसऱ्या दिवशी नळी पुन्हा जंतूंनी गढूळ. औषध काट्यांच्या टोकांपर्यंत पोहोचलंच नव्हतं. त्याहून वाईट गोष्ट त्याला सूक्ष्मदर्शकाखाली दिसली. जखमेत धावून आलेल्या पांढऱ्या पेशी याच औषधांनी जंतूंच्या आधी मरत होत्या. म्हणजे आपणच आपली फौज कापत होतो.

फ्लेमिंगचं तेव्हा फारसं कोणी ऐकलं नाही. सर्जन कॅरेल आणि रसायनशास्त्रज्ञ डेकिन यांच्या पद्धतीचा मात्र गवगवा झाला. मेलेलं मांस कापून काढायचं, जखमेत रबराच्या नळ्या ठेवायच्या आणि दर दोन तासांनी अर्धा टक्का सोडियम हायपोक्लोराइटचं पाणी सोडायचं. या पद्धतीने पुष्कळ हातपाय वाचले. माझं मत विचाराल तर त्या यशात मोठा वाटा कात्रीचा आणि सतत धुण्याचा होता, क्लोरीनचा त्यामानाने कमी.

त्याच युद्धात एक साधी वस्तू जन्माला आली. ज्या ल्यूमिएर बंधूंच्या चित्रफिती ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवल्या गेल्या, त्यांतल्या थोरल्या ऑग्युस्तने पुढे वैद्यकीय संशोधनात मन घातलं. लिओंच्या इस्पितळात काम करताना त्याने जाळीदार कापडाला पेट्रोलियम जेली चोपडून जखमेला न चिकटणारी पट्टी केली. आज आपण पॅराफिन गॉज म्हणतो ती हीच. सिनेमा आणि ही पट्टी यांत माणसाच्या जास्त उपयोगी कोण पडलं, हा वाद मी इथे उकरत नाही.

चिकटणं ही किती मोठी गोष्ट आहे हे जळीत रुग्णांच्या वॉर्डात कळतं. सकाळी ड्रेसिंगच्या ट्रॉलीची चाकं कॉरिडॉरमध्ये वाजली की आतली मुलं रडायला लागायची. अजून कोणी हात लावलेला नसायचा. कोरडा गॉज जखमेतल्या लशीने भिजतो, लस सुकते आणि गॉज कातडीचा भाग होऊन बसतो. सिस्टर सलाइनच्या बाटल्या ओतायच्या, दहा मिनिटं थांबायच्या, आणि मग एक कोपरा धरून सावकाश ओढायच्या. तरी गॉजच्या मागे रक्ताचे बारीक टिपके उमटायचे. त्या प्रत्येक टिपक्याच्या जागी रात्रभरात नवी कातडी धरायला लागलेली होती. ती आम्ही रोज सकाळी उपटत होतो आणि त्याला उपचार म्हणत होतो. उघडी पडलेली जागा म्हणजे जंतूंना पुन्हा मोकळं दार.   

कोरडी जखम लवकर बरी होते ही समजूत १९६२ मध्ये मोडली. जॉर्ज विंटर या इंग्लंडमधल्या संशोधकाने डुकरांच्या पाठीवर सारख्या उथळ जखमा केल्या. काही उघड्या ठेवल्या, काहींवर पॉलिथिनचा पातळ पापुद्रा लावला. झाकलेल्या जखमांवर नवी कातडी साधारण दुप्पट वेगाने आली. कारण सरळ आहे. नव्या पेशी ओल्या जागेवरूनच सरकू शकतात. खपली धरली की त्यांना खपलीखालून, ओल सापडेपर्यंत खोल बोगदा काढत जावं लागतं. ‘जखमेला वारा लागू दे’ असं आपल्या घरोघरी सांगतात, आणि ते सांगणारी आजी इतर बाबतीत बहुधा बरोबर असते. या बाबतीत नाही.

विंटरच्या निबंधानंतर पाश्चात्त्य देशांत ओल टिकवणाऱ्या पट्ट्यांचा मोठा धंदा उभा राहिला. आपल्याला त्या परवडत नव्हत्या. इथून पुढची गोष्ट मुंबईतल्या परळची.

परळच्या बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालयात डॉ. एम. एच. केसवानी भाजलेल्या मुलांवर उपचार करत. त्यांनी उकडलेल्या बटाट्याची साल वापरायला घेतली. साली गॉजच्या पट्टीवर शेजारीशेजारी बसवायच्या, पट्टी निर्जंतुक करायची आणि जखमेवर बांधायची. १९८५ मध्ये ‘बर्न्स’ या नियतकालिकात त्यांनी हे छापलं. बटाट्याच्या सालीला बुचासारखा एक पापुद्रा असतो, तो पाणी बाहेर जाऊ देत नाही. जमिनीखाली बटाटा सुकू नये म्हणून निसर्गाने केलेली ती तजवीज भाजलेल्या मुलाच्या छातीवर तेच काम करत होती. ही साल जंतू मारते असा केसवानींचा दावा नव्हता, आणि हेच मला सगळ्यात मोलाचं वाटतं. पुढे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी जखमांचे तुकडे तपासून पाहिलं, तेव्हा कोरड्या गॉजखाली कवच धरत होतं आणि भाजण्यातून वाचलेल्या पेशीही मरत होत्या, सालीखाली त्या जगत होत्या. जंतूंसाठी लागेल तिथे मलम वेगळं. सालीचं काम जखम झाकणं आणि ओली ठेवणं.

परळहून शीवला यायला दहा-पंधरा मिनिटं. लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीचं पान घेतलं. पान मोठं, गुळगुळीत, वरून मेणचट, बारा महिने बाजारात मिळणारं. वाफेच्या ऑटोक्लेव्हमध्ये घालून निर्जंतुकही होतं. कातडीचं रोपण करताना मांडीवरची पातळ कातडी काढून घेतात. ती काढलेली जागा मूळ जखमेपेक्षा जास्त दुखते, हे ज्याच्यावर बेतलंय त्याला विचारा. अशा जागांवर आणि उथळ भाजलेल्या जखमांवर त्यांनी केळीच्या पानाची आणि व्हॅसलीन गॉजची तुलना केली. २००३ मध्ये दोन निबंध आले. पान बदलताना रुग्णाला त्रास कमी, कारण ते चिकटतच नाही. जेवायला पान मांडणाऱ्या मुलखात हे आधी कोणाला सुचलं नाही याचं नवल वाटतं. पण सुचणं वेगळं आणि रुग्ण मोजून, दुखणं मोजून, छापून सिद्ध करणं वेगळं.

आणि सोलापूर. वैशंपायन स्मारक वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी मध घेतला. मध आणि तूप जखमेवर वापरावं हे सुश्रुतात आहेच. व्रणावर साठ उपक्रम आणि बांधण्याचे चौदा प्रकार सांगणारा तो ग्रंथ आहे. पण ग्रंथात आहे एवढ्यावर सुब्रह्मण्यम थांबले नाहीत. उथळ भाजलेले १०४ रुग्ण घेतले. ५२ जणांना मध, ५२ जणांना त्या काळचं जगभर चालणारं सिल्व्हर सल्फाडायझिन मलम. सात दिवसांत मधाच्या गटातल्या ९१ टक्के जखमा जंतुमुक्त झाल्या, मलमाच्या गटात ७ टक्के. १९९१ मध्ये हे ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’त छापून आलं. त्यांनी पुढे मधाची तुलना बटाट्याच्या सालीशीही केली. मधावर जगभर झालेल्या चर्चेत सोलापूरचं नाव येतं ते असं.

मध करतो काय? त्यात ऐंशी टक्क्यांच्या आसपास साखर. ती पाणी ओढून घेते, जंतूंच्या अंगातलंसुद्धा. तो आम्लधर्मी असतो. आणि जखमेच्या लशीने थोडा पातळ झाला की त्यातलं एक विकर थोडं थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करत राहतं. जंतूंना पुरेल इतकं, पेशींना झेपेल इतकं. लिस्टरला आणि त्याच्या चेल्यांना जो समतोल साधला नाही, तो मधमाश्यांनी साधलेला आहे. मात्र दोन गोष्टी बजावून सांगतो. एक, घरातल्या बाटलीतला मध जखमेवर लावू नका. त्यात जंतूंची बीजं असू शकतात, आणि दुकानातल्या मधात मध किती हा प्रश्नच असतो. वैद्यकीय मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. दुसरी, सोलापूरचे आकडे इतके दणदणीत आहेत की नंतर आढावा घेणाऱ्यांनी एकाच ठिकाणच्या, एकाच संशोधकाच्या प्रयोगांवर किती भिस्त ठेवावी अशी शंका घेतली. उथळ भाजण्यात मध नेहमीच्या पट्ट्यांपेक्षा जखम काही दिवस लवकर भरून आणतो, इतकं मात्र त्या आढाव्यांतही टिकलं. इतर प्रकारच्या जखमांबद्दल अशी खात्री देता येत नाही. अभिमान बाळगावा, पण आकडे पुन्हा तपासू द्यावेत.

सिल्व्हर सल्फाडायझिनचं पुढे काय झालं? १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या चार्ल्स फॉक्सने आणलेलं हे पांढरं मलम. त्याने खोल भाजलेल्या असंख्य माणसांना जंतूंपासून वाचवलं, ते श्रेय काढून घेता येणार नाही. मेलेल्या कातडीला रक्तपुरवठा नसतो, तेव्हा शिरेतून दिलेलं अँटिबायोटिक तिथे पोहोचत नाही. वरून लावलेलं काहीतरी लागतंच. पण उथळ जखमेत चांदी नव्या पेशींनाही त्रास देते आणि भरून यायला उशीर होतो, हे आता सर्वमान्य आहे. मग चांदी घातलेल्या पट्ट्या आल्या. तळहाताएवढा तुकडा काही शे रुपयांना. ब्रिटनमध्ये पायाच्या शिरांच्या जुनाट जखमांवर या पट्ट्यांचा प्रयोग झाला. २१३ रुग्ण होते, निष्कर्ष २००९ मध्ये छापला गेला. बारा आठवड्यांनी साध्या न चिकटणाऱ्या पट्टीच्या आणि चांदीच्या पट्टीच्या गटांत फरक नव्हता. ऑपरेशननंतर टाके घालून बंद केलेल्या जखमेवर साध्या पट्टीऐवजी अशा भारी पट्ट्या वापरू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये सुचवलं. तरी खाजगी इस्पितळाच्या बिलात त्या दिसतात. दिसल्या तर विचारा, कशासाठी? विचारल्याने डॉक्टर रागावत नाहीत. रागावले तर तेही एक उत्तरच आहे.

जुनाट जखमेत औषध का चालत नाही, याचं एक कारण फ्लेमिंगच्या काळी माहीत नव्हतं. जंतू सुटे राहत नाहीत, स्वतःभोवती चिकट आवरण करून त्यात वस्ती करतात. न घासलेल्या माठाच्या तळाशी हात फिरवला की बोटाला जो बुळबुळीतपणा लागतो, तसंच हे. नुसतं औषध ओतून तो जात नाही, घासावा लागतो. जखमही आधी धुवावी, खरवडावी, मेलेलं काढावं लागतं. मग पट्टीचा विचार. धुवायला पिण्यायोग्य नळाचं पाणी चालतं. सलाइनने धुतलेल्या जखमांपेक्षा त्या जास्त चिघळत नाहीत, हे तपासून झालेलं आहे.

मधुमेहाच्या पायाबद्दल थोडंच बोलतो, कारण तिथे पट्टीवर बोलणं म्हणजे मुख्य गोष्ट टाळणं आहे. ज्या पायाला संवेदना नाही त्यावर कितीही भारी पट्टी बांधा, माणूस त्याच पायाने बाजारात जाऊन आला तर ती जखम बरी होणार नाही. तिथे उपचार म्हणजे पायावरचा भार काढणं, साखर ताब्यात ठेवणं आणि रक्तपुरवठा तपासणं. पट्टी त्यानंतर.

घरच्यासाठी एक नियम मात्र पक्का लक्षात ठेवा. पट्टीच्या बाहेरच्या बाजूला ओल दिसली की ती पट्टी संपली. भिजलेल्या कापडातून बाहेरचे जंतू आत चालत जातात, हे कोलब्रुक आणि हूड यांनी १९४८ मध्येच दाखवून दिलं. उद्या डॉक्टरकडे जायचंच आहे म्हणून रात्रभर तशीच ठेवू नका. आणि कोरडी, स्वच्छ, न दुखणारी पट्टी केवळ दिवस उलटला म्हणून सोडून बघू नका. लाली पसरतेय, गरम लागतंय, ठणका वाढतोय, ताप आलाय, तर मात्र कोणतीही पट्टी पुरे नाही, डॉक्टरच गाठा. त्याआधी केमिस्टकडून अँटिबायोटिकची ट्यूब आणून चोळण्याची सवय सोडा. त्याने जंतू निगरगट्ट होतात आणि काहींच्या कातडीला त्या ट्यूबचीच ॲलर्जी येते.

आता शेवटचा मुद्दा. निम्म्या अंगाहून जास्त भाजलेल्या माणसाला बटाटा, केळ, मध, चांदी यांतलं काहीच पुरत नाही. असा माणूस पहिल्या दोन दिवसांत वाचला तर पुढे बहुतेक वेळा जंतुसंसर्गाने जातो, कारण त्याच्या अंगावर कवचच उरलेलं नसतं. त्याची स्वतःची कातडी रोपणाला पुरेशी शिल्लक नसते. त्याच्यासाठी जगातली सर्वांत चांगली पट्टी एकच, दुसऱ्या माणसाची कातडी. शरीर ती काही आठवड्यांनी नाकारतं. पण तेवढ्या काळात ती ओल राखते, जंतू रोखते, दुखणं कमी करते, आणि माणूस स्वतःच्या कातडीच्या रोपणापर्यंत तग धरतो. शीवच्या ज्या रुग्णालयात केळीच्या पानावर काम झालं, तिथेच २००० साली डॉ. गोरे यांनी त्वचापेढी उभी केली, देशातली पहिली. आता राज्यात आणखीही पेढ्या आहेत.

नेत्रदान आपल्याकडे रुजलं, त्वचादान अजून रुजलेलं नाही. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत पेढीला कळवलं तर त्यांची माणसं घरी येतात. मांड्या, पोटऱ्या आणि पाठीवरून कातडीचा वरचा अगदी पातळ थर घेतात. रक्त येत नाही, देह विद्रूप होत नाही, आणि अर्ध्या-पाऊण तासात काम उरकतं. रक्तगट जुळावा लागत नाही. वय जास्त असलं तरी चालतं. एड्स, कावीळ ब आणि क, त्वचेचा कर्करोग किंवा संसर्ग असेल तर मात्र घेत नाहीत. घेतलेली कातडी ग्लिसरॉलमध्ये थंड जागी ठेवली तर पाच वर्षांपर्यंत वापरता येते. आज घरी गेल्यावर जवळच्या त्वचापेढीचा नंबर शोधा, आपली इच्छा घरच्यांना स्पष्ट सांगा आणि नंबर डॉक्टरांच्या नंबराशेजारी लिहून ठेवा. त्या वेळी फोन तुम्ही नाही, त्यांनी करायचा आहे.